मोजणारी कमांड नेमके काय मोजते?

फोल्डरमध्ये फायली किती? यादीत नावे किती? आणि त्यांतली वेगवेगळी किती? संगणकावर काम चालणाऱ्या कुठल्याही कचेरीत हे तीन प्रश्न दिवसभर फिरत असतात. उत्तर काढायची रीत माणसागणिक वेगळी. कोणी एक्सेल उघडून शेवटच्या ओळीपर्यंत जातो, कोणी सगळ्या फायली माउसने निवडून खिडकीच्या तळाशी उमटणारा आकडा टिपतो, आणि कोपऱ्यात बसलेला एखादा काळ्या पडद्यावर दोन शब्द टंकून मोकळा होतो. हा लेख त्या तिसऱ्याच्या रीतीबद्दल आहे. यादी करणाऱ्या आणि मोजणाऱ्या कमांड कुठून आल्या, त्या काय मोजतात, कुठे गोत्यात आणतात आणि मराठी मजकुराशी गाठ पडली की त्यांचे काय होते, एवढा त्याचा आवाका. कमांडची नावे इथे देवनागरीत दिली आहेत; टंकताना ती अर्थातच रोमन लिपीत टंकायची.

माझे मत आधीच सांगून टाकतो. या कमांड सांगितलेले काम चोख करतात, घोटाळा होतो तो आपण काय सांगितले आहे हे न कळल्याने. त्यांना फाइल, माणूस, शब्द, अक्षर यांतले काहीही ठाऊक नसते. त्या खुणा मोजतात: ओळ संपल्याची खूण, मधली मोकळी जागा, बाइट. एका वस्तूमागे एकच खूण आहे, ना कमी ना जास्त, याची खातरजमा मोजणाऱ्याने करायची असते.

यादी करणारी 'एलएस' आणि मोजणारी 'डब्ल्यूसी' या दोघी समवयस्क. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९६९ पासून युनिक्स उभी केली, आणि १९७१च्या तिच्या पहिल्याच मॅन्युअलमध्ये दोघीही हजर आहेत. एलएस फोल्डरमधली नावे दाखवते; डब्ल्यूसी ओळी, शब्द आणि बाइट असे तीन आकडे देते. नुसत्या ओळी हव्या असतील तर '-एल', शब्द हवे असतील तर '-डब्ल्यू'. पन्नास वर्षांत दोघींना बरीच नवी शेपटे फुटली, पण मूळ स्वभाव तोच आहे. आजच्या लिनक्सवर आणि मॅकवर त्या जशाच्या तशा चालतात.

एलएसच्या बाबतीत एक किस्सा सांगण्यासारखा आहे, कारण त्याचा आपल्या मोजणीवर आजही परिणाम होतो. सुरुवातीच्या काळात प्रत्येक फोल्डरमध्ये 'हेच फोल्डर' आणि 'वरचे फोल्डर' असे सुचवणाऱ्या दोन नोंदी आल्या. एकीचे नाव नुसते टिंब, दुसरीचे दोन टिंबे. यादीत त्या दिसू नयेत म्हणून एलएसमध्ये छोटी अट घातली गेली: नावाचे पहिले अक्षर टिंब असेल तर ते सोडून दे. अट हवी होती त्या दोन नावांपुरती. लागू पडली ती टिंबाने सुरू होणाऱ्या प्रत्येक नावाला. पुढे लोकांनी याच फटीचा उपयोग करून आपल्या सेटिंगच्या फायली टिंबाआड दडवायला सुरुवात केली. बेल लॅब्जमध्ये काम केलेल्या रॉब पाइक यांनी २०१२मध्ये ही हकिगत लिहून 'लपलेली फाइल' ही कल्पना कोणी ठरवून आणलेलीच नव्हती, आळसातून आलेली होती, असा शेरा मारला आहे. म्हणजे एलएस चालवून आलेल्या यादीत काही फायली जन्मापासूनच नसतात. त्या हव्या असतील तर '-ए' हे मोठ्या लिपीतले अक्षर जोडावे लागते. लहान लिपीतले जोडले तर ती दोन टिंबवाली नावेही यादीत येतात आणि आकडा दोनाने फुगतो.

यादी एकीकडे, मोजणी दुसरीकडे. मग दोन्हींची सांगड कशी पडली? याचे श्रेय बेल लॅब्जमधल्याच डग मॅकिलरॉय यांचे. बागेत पाणी घालायच्या नळीला गरज पडेल तशी दुसरी नळी जोडतात तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता आले पाहिजेत, असे त्यांनी १९६४मध्येच एका टिपणात लिहून ठेवले होते. प्रत्यक्ष 'पाइप' युनिक्समध्ये आला १९७३मध्ये. थॉम्पसन यांनी तो एका रात्रीत बसवला, असे मॅकिलरॉय सांगत. तेव्हापासून एका कमांडचे उत्तर दुसरीच्या तोंडी द्यायचे असले की मध्ये एक उभी रेघ घातली की झाले: 'एलएस | डब्ल्यूसी -एल'. एलएसला मोजता येत नाही आणि डब्ल्यूसीला फोल्डर म्हणजे काय ते कळत नाही, तरी दोघी मिळून फायली मोजतात. कुठल्याही कमांडची यादी कुठल्याही मोजणाऱ्या कमांडकडे सोपवता येते, ही या रचनेची खरी कमाई.

या कमाईची कसोटी १९८६मध्ये लागली. 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या नियतकालिकात जॉन बेंटली 'प्रोग्रॅमिंग पर्ल्स' हे सदर चालवीत. त्यांनी संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांना एक गणित घातले: मजकुराची फाइल वाचायची, त्यात सर्वांत जास्त वेळा आलेले अमुक इतके शब्द शोधायचे आणि संख्येसह उतरत्या क्रमाने छापायचे. प्रोग्रॅम निबंधासारखा वाचता यावा अशा रीतीने लिहायचा, हा नूथ यांचा आवडता आग्रह; तो दाखवण्यासाठीच हे निमित्त होते. नूथ यांनी पास्कलवर आधारलेल्या आपल्या 'वेब' पद्धतीत पानेच्या पाने भरणारा, शब्द साठवण्याची स्वतंत्र रचना असलेला देखणा प्रोग्रॅम लिहिला. परीक्षणासाठी तो गेला मॅकिलरॉय यांच्याकडे. त्यांनी कौतुक केले, आणि त्याच परीक्षणात सहा कमांडची एक साखळी लिहून दाखवली.

ती साखळी आजही रोजच्या कामाची आहे, म्हणून सावकाश पाहू. पहिली पायरी 'टीआर': इंग्रजी अक्षर नसेल त्या प्रत्येक चिन्हाच्या जागी नवी ओळ घाल, म्हणजे एका ओळीवर एकच शब्द उरतो. दुसरी पुन्हा टीआर: सगळी मोठी अक्षरे लहान कर. तिसरी 'सॉर्ट': शब्द वर्णक्रमाने लाव, म्हणजे सारखे शब्द शेजारी येतात. चौथी 'युनिक -सी': शेजारी आलेल्या सारख्या ओळींची एकच ओळ कर आणि पुढे संख्या लिही. पाचवी 'सॉर्ट -आरएन': आता संख्येनुसार उतरत्या क्रमाने लाव. सहावी 'सेड': वरच्या हव्या तितक्या ओळी छापून थांब. संपले.

नूथ यांच्यावर मॅकिलरॉय यांनी कशी मात केली, अशा थाटात हा प्रसंग वारंवार सांगितला जातो. मला ते अन्यायाचे वाटते. नूथ यांना लेखनशैली दाखवायला सांगितले होते, त्यांनी ती दाखवली. शिवाय मॅकिलरॉय यांच्या सहा ओळींमागे सॉर्ट, युनिक, सेड या तयार हत्यारांवर इतरांनी घातलेली वर्षे उभी होती. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. दोघांच्याही उत्तरात शब्द म्हणजे इंग्रजी वर्णमालेतल्या सव्वीस अक्षरांची सलग रांग. ती साखळी मराठी फायलीवर चालवली तर प्रत्येक देवनागरी अक्षर 'अक्षर नसलेले चिन्ह' ठरते आणि सगळा मजकूर वाहून जातो. त्याकडे पुढे येऊच.

आधी फायलींचे. 'एलएस | डब्ल्यूसी -एल' ही जोडी बहुतेक वेळा बरोबर आकडा देते, आणि चुकते तेव्हा सहसा एकाने चुकते. एकाची चूक डोळ्यांना टोचत नाही म्हणून ती वर्षानुवर्षे टिकते. तपशिलासह यादी देणारी 'एलएस -एल' वापरली तर सुरुवातीला 'टोटल' अशी एक जादा ओळ येते, आणि डब्ल्यूसी तीही मोजते. त्या ओळीतला आकडा फायलींची संख्या आहे असे समजणारेही भेटतात. तो असतो फायलींनी डिस्कवर अडवलेल्या ब्लॉकचा. कमांड वाचून चालवणाऱ्या बॅश या शेलमध्ये 'तारा' (*) वापरून फायली एका यादीत भरल्या आणि ती यादी मोजली, तर रिकाम्या फोल्डरमध्ये उत्तर शून्याऐवजी एक येते, कारण जुळणारे नाव न मिळाल्यास तो ताराच नाव म्हणून यादीत बसतो. 'नलग्लॉब' नावाचे सेटिंग चालू केले की हे टळते. आणि खुद्द डब्ल्यूसी -एल ओळी मोजत नाही, ओळ संपल्याची खूण मोजते. शेवटच्या ओळीनंतर एंटर मारलेला नसेल तर ती ओळ हिशेबात येत नाही. यादी हाताने टंकणारा माणूस शेवटचे नाव लिहून फाइल बंद करतो, एंटर मारत नाही. शंभर नावांची यादी नव्व्याण्णव भरते.

फायलीच्या नावातच ओळ तुटलेली असेल तर? लिनक्समध्ये तिरकी रेघ आणि शून्य बाइट हे दोन सोडले तर नावात काहीही चालते, एंटरसुद्धा. अशी एक फाइल दोनदा मोजली जाते. मुद्दाम कोणी असे नाव ठेवत नाही, पण डाउनलोड करणाऱ्या स्क्रिप्टा ठेवतात. यावरचा पक्का इलाज म्हणजे नावांच्या मध्ये शून्य बाइट घालणे, कारण तेवढा एक नावात येऊच शकत नाही. 'फाइंड' ही कमांड '-प्रिंट०' म्हटल्यावर तसे करते. मग ते शून्य बाइट तेवढे उरवून मोजायचे. कित्येक वर्षे हा केवळ काही प्रणालींतला जादा सोयीचा भाग होता. युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या पॉसिक्स प्रमाणकाच्या २०२४च्या आवृत्तीत त्याला अधिकृत जागा मिळाली.

फोल्डरच्या पोटात फोल्डर असतील तर एलएस सोडून फाइंडच धरावी. 'फाइंड . -टाइप एफ | डब्ल्यूसी -एल' म्हटले की आतल्या सगळ्या पातळ्यांवरच्या फायली, लपलेल्यांसह, मोजल्या जातात आणि फोल्डर वगळले जातात. लाखो फायली असलेल्या ठिकाणीही तीच बरी. एलएस आधी सगळी नावे गोळा करून वर्णक्रमाने लावते आणि मग तोंड उघडते. मोजायला क्रमाची गरजच नसते. तिथे कोणी 'एलएस *' टंकले तर यादी फार लांब असल्याची तक्रार येऊन काम थांबते. ती तक्रार एलएसची नसते. तारा पसरून नावे कमांडला देण्याचे काम शेल करतो, आणि एका वेळी किती मजकूर द्यायचा याला प्रणालीने घातलेली मर्यादा तिथे ओलांडली जाते.

आता फायलींच्या आतल्या यादीकडे. इथे युनिक -सीचे राज्य आहे, आणि तिची एक सवय नवख्यांना हमखास फसवते: ती फक्त शेजारच्या ओळी ताडून पाहते. सॉर्ट न करता चालवली तर गावांच्या यादीत एकच गाव चार ठिकाणी चार आकड्यांसह येते. ज्यांना सॉर्टचा वेळ परवडत नाही ते 'ऑक' वापरतात. आहो, वाइनबर्गर आणि कर्निहन या तिघांनी १९७७मध्ये केलेली ही छोटी भाषा प्रत्येक नावासमोर एक खाते उघडते आणि नाव दिसेल तसा त्यात एक टाकते; एका फेरीत काम होते. मात्र सगळी खाती मेमरीत मावली पाहिजेत. सॉर्टला ती अडचण नाही, ती मेमरी भरली की तात्पुरत्या फायली करून पुढे जाते. वेगवेगळी नावे थोडी असतील तर ऑक, अफाट असतील तर सॉर्ट, असा माझा ठोकताळा आहे.

शब्द शोधणारी 'ग्रेप -सी'ही नवख्यांना अशीच फसवते. एखादा शब्द किती वेळा आला हे ती सांगत नाही, तो शब्द किती ओळींत आला ते सांगते. एका ओळीत तीनदा आला तरी एक. तीनदा मोजायचा असेल तर 'ग्रेप -ओ'ने प्रत्येक आढळ स्वतंत्र ओळीवर काढून मग डब्ल्यूसी.

खरी गंमत सुरू होते ती हाताने भरलेल्या याद्यांत. विंडोजवर तयार झालेल्या फायलीत प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन खुणा असतात, लिनक्सवरच्या फायलीत एकच. दोन ठिकाणच्या याद्या एकत्र केल्या की 'पुणे' दोनदा दिसते, दोन वेगळ्या आकड्यांसह, आणि पडद्यावर दोन्ही डोळ्यांना तंतोतंत सारखी. शेवटी राहिलेल्या मोकळ्या जागेचेही तसेच. आपल्याकडच्या पत्त्यांच्या याद्या तर या कमांडची परीक्षाच घेतात. सीएसव्ही फायलीत पत्त्याच्या रकान्यात 'मु. पो.' नंतर कोणी एंटर मारला की एका माणसाच्या दोन ओळी होतात. सीएसव्हीच्या नियमांत हे बसते, कारण तो रकाना अवतरणचिन्हांत असतो. पण डब्ल्यूसीला अवतरणचिन्हे कळत नाहीत. इथे पायथनचे सीएसव्ही मॉड्यूल किंवा 'सीएसव्हीकिट'सारखे साधन वापरावे. तेच नोंदी मोजते, बाकीच्या कमांड ओळी मोजतात.

इतकी डोकेफोड कशाला, एक्सेल आहेच की, असे कोणी म्हणेल. एक्सेलच्या आजच्या फायलीत १०,४८,५७६ ओळी मावतात, २००७च्या आधीच्या एक्सएलएस प्रकारात ६५,५३६. ऑक्टोबर २०२०मध्ये इंग्लंडमध्ये याची जबर किंमत मोजावी लागली. प्रयोगशाळांकडून आलेल्या कोविड तपासण्यांच्या सीएसव्ही फायली पब्लिक हेल्थ इंग्लंडने जुन्या एक्सएलएस प्रकारात घेतल्या. एकेका रुग्णामागे अनेक ओळी असल्याने मर्यादा भरली आणि पुढच्या नोंदी गळाल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ बाधित रोजच्या आकडेवारीत आलेच नाहीत, आणि त्यांच्या संपर्कातल्या माणसांचा शोधही तितका लांबला. आलेल्या फायलीतल्या ओळी आणि भरलेल्या नोंदी, दोन्ही मोजून ताडायची एक ओळीची तपासणी तिथे असती तर पहिल्याच दिवशी फरक दिसला असता. मोजणाऱ्या कमांडचा सर्वांत मोलाचा उपयोग मला हाच वाटतो: अहवालात टाकायच्या आकड्यासाठी कमी, दोन टोकांचे आकडे जुळतात का हे बघण्यासाठी जास्त.

विंडोजच्या जगात ही कथा वेगळ्या वळणाने गेली. डॉसच्या 'डीर'ला जुन्या काळापासून मोजता येत असे. यादीच्या शेवटी ती फायली किती आणि फोल्डर किती हे आपणहून छापते. त्यापलीकडे मोजायचे तर 'फाइंड /सी /व्ही' अशी कसरत: रिकामा शब्द ज्यात नाही अशा ओळी मोज, म्हणजेच सगळ्या मोज. (ही फाइंड युनिक्सच्या फाइंडची कोणी लागत नाही.) जेफ्री स्नोव्हर यांनी २००२मध्ये 'मोनॅड' नावाचा जाहीरनामा लिहिला आणि त्यातून २००६मध्ये पॉवरशेल आले. त्यांची तक्रार रास्त होती: युनिक्सच्या पाइपमधून मजकूर वाहतो, मग पुढची कमांड त्याचे तुकडे पाडत बसते. पॉवरशेलच्या पाइपमधून अख्खी वस्तू जाते, नाव, आकार, तारीख यांसह. 'गेट-चाइल्डआयटम | मेझर-ऑब्जेक्ट' लिहिले की नावात एंटर असो वा आणखी काही, फाइल एकच धरली जाते. युनिक -सीच्या जागी 'ग्रुप-ऑब्जेक्ट', आणि तिला आधी सॉर्ट लागत नाही.

तरी एकाचा घोटाळा तिथेही होताच. आवृत्ती तीनच्या आधी यादीत एकच फाइल असली तर पॉवरशेल ती यादी न मानता सुटी वस्तू मानी, आणि सुट्या वस्तूला 'काउंट' विचारले तर उत्तर कोरे येई. फायली दोन असतील तर दोन, एक असेल तर काहीच नाही. २०१२मध्ये हे सुधारले. आपल्याकडच्या कचेऱ्यांत जुने विंडोज पॉवरशेल ५.१ अजून सर्रास चालते. त्यात बाणाच्या खुणेने उत्तर फायलीत उतरवले की फाइल यूटीएफ-१६ या वेगळ्या संकेतनात जाते. ती लिनक्सवर नेऊन ग्रेप केले तर समोर दिसणारा शब्द सापडत नाही. फायली मोजायच्या तर पॉवरशेलची रीत जास्त भरवशाची आहे. प्रचंड मजकूर चाळायचा तर जुनी युनिक्सची रीत पुष्कळ वेगवान. दोन्ही येत असलेल्या माणसाला भांडायचे कारण उरत नाही.

आता मराठी. 'महाराष्ट्र' हा शब्द घ्या आणि त्याची लांबी विचारा. 'डब्ल्यूसी -सी' सांगते ३०. 'डब्ल्यूसी -एम' सांगते १०. पायथनही १०च म्हणते. यातले एकही उत्तर चौथीतल्या मुलाला पटणार नाही. तो म, हा, रा, ष्ट्र असे बोटांवर मोजून चार म्हणेल. तिघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. युनिकोडमध्ये म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र असे दहा संकेत होतात, आणि यूटीएफ-८मध्ये देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइट घेतो. मध्ये आणखी एक उत्तर होते: ६. माणसाला एक अक्षर वाटेल तो गट कुठे तुटतो याचे नियम युनिकोडने आखले आहेत, पण त्यांत हलन्तानंतर तुटायला मुभा होती, त्यामुळे ष्ट्रचे तीन तुकडे पडत. २०२३च्या युनिकोड १५.१ आवृत्तीत जोडाक्षरे एकसंध धरण्याचा नियम आला आणि प्रमाणकाचे उत्तर एकदाचे चारावर आले. तुमच्या हातातले साधन कोणत्या आवृत्तीवर चालते त्यावर आता सहा येणार की चार हे ठरते.

हा निव्वळ शास्त्रार्थ नाही. मोबाइलचा साधा एसएमएस रोमन लिपीत १६० चिन्हांचा, देवनागरीत ७० चा. आणि ती सत्तर मोजली जातात संकेतांनी, म्हणजे एकटा 'महाराष्ट्र' दहा खातो. फॉर्ममध्ये 'कमाल ५० अक्षरे' लिहिणाऱ्याने बाइटची मर्यादा घातलेली असली, तर सतरावे चिन्ह टंकताच मराठी माणसाचे नाव मध्येच छाटले जाते.

शब्द मोजायला जावे तर वेगळीच तऱ्हा. डब्ल्यूसी -डब्ल्यू मोकळ्या जागेवर तोडते, त्यामुळे संख्या बरी येते. पण वारंवारता काढताना 'आहे', 'आहे,' आणि 'आहे.' हे तीन शब्द होतात. विरामचिन्हे काढायला टीआर वापरावी तर लिनक्सवरची टीआर बाइटवर चालते, अक्षरावर नाही. पायथनमध्ये शब्द पकडायचा नेहमीचा नमुना '\डब्ल्यू+'. त्याला काना, वेलांटी, हलन्त ही अक्षरे वाटतच नाहीत. 'मराठी' दिले की 'मर' आणि 'ठ' असे दोन तुकडे हाती येतात. 'सायकिट-लर्न' या लोकप्रिय लायब्ररीतला शब्दमोजक तर मुळात दोन अक्षरांपेक्षा लहान तुकडे टाकून देतो, म्हणून तिथे 'मराठी'चा फक्त 'मर' उरतो. देवनागरी मजकुरावर बिनघोर चालवलेल्या कित्येक विश्लेषणांत असले अर्धवट तुकडे 'शब्द' म्हणून मिरवत असतात. पर्लमध्ये किंवा पायथनच्या वेगळ्या 'रेजेक्स' मॉड्यूलमध्ये हा दोष नाही.

आणि सगळ्यांत चिवट अडचण 'ऱ्या'ची. 'दुसऱ्या' हा शब्द मराठीत तीन तऱ्हांनी टंकलेला सापडतो: नुक्ता असलेला ऱ एकाच संकेताने, र आणि नुक्ता असे दोन संकेत मिळून, किंवा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारी जोडखूण घालून. डोळ्यांना तिन्ही सारखे. युनिक -सीला तीन वेगळे शब्द. पहिले दोन युनिकोडच्या प्रमाणीकरणाने एक होतात. तिसरा होत नाही, तो आपण हाताने बदलून घ्यावा लागतो. मोजणीआधी ही साफसफाई केली नाही, तर 'ऱ्या' असलेले सगळे शब्द यादीत खाली घसरतात. क्रमाचेही तसेच: नुसत्या संकेतांच्या क्रमाने लावले तर ळ येतो ल आणि व यांच्या मध्ये, वर्णमालेतल्या त्याच्या ह नंतरच्या जागी नाही. मोजायला हा क्रम चालतो. छापायच्या सूचीला चालत नाही.

मराठीतला शब्द प्रत्यय पोटात घेऊन हिंडतो हे वेगळेच. घर, घरात, घराला, घरातून, घरासमोरच्या यांची युनिक -सीच्या वहीत पाच खाती. इंग्रजीत 'हाउस' एकाच खात्यात जमत राहतो. म्हणूनच तोच मजकूर इंग्रजीतून मराठीत आला की शब्दसंख्या घटते, आणि शब्दावर मानधन घेणाऱ्या अनुवादकांनी मोजणी मुळाची की अनुवादाची हे आधीच लिहून घ्यावे. युनिकोडपूर्व फॉन्टांत अडकलेल्या मजकुराबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या प्रणालींत टंकलेली नव्वदच्या दशकातली पुस्तके संगणकाच्या दृष्टीने विचित्र रोमन चिन्हांची रांग असतात. युनिकोडमध्ये बदलून घेतल्याखेरीज त्यांत 'मराठी' शब्द शून्य वेळा आढळतो.

उरले अजस्र आकडे. डेटाबेसमध्ये 'काउंट(*)' सगळ्या ओळी मोजते, पण कंसात रकान्याचे नाव दिले की तो रकाना कोरा असलेल्या ओळी गाळते. या दोहोंतला फरक न कळल्याने बिघडलेले अहवाल कमी नसावेत. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये मोठ्या तक्त्याची मोजणी वेळ खाते, कारण कोणती ओळ कोणाला दिसावी हे तिथे ओळीगणिक तपासावे लागते. अशा ठिकाणी लोक अंदाजावर भागवतात, आणि अंदाजाचे शास्त्रही जुने आहे. बेल लॅब्जमधल्याच रॉबर्ट मॉरिस यांनी १९७८मध्ये लहानशा जागेत मोठी संख्या अदमासाने मोजण्याची युक्ती प्रसिद्ध केली. वेगवेगळी नावे किती, या प्रश्नासाठी फिलिप फ्लाजोले आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये 'हायपरलॉगलॉग' दिले. रेडिस या साधनात ते बारा किलोबाइटमध्ये बसते आणि चूक ०.८१ टक्क्यांच्या आसपास राहते. तिथल्या कमांडच्या नावात 'पीएफ' ही आद्याक्षरे फ्लाजोले यांच्या सन्मानार्थ ठेवली आहेत. कोट्यवधी भेटींतून वेगवेगळी माणसे किती आली, हे साधारण कळले तरी पुरते. मतदारयादीला किंवा पगारपत्रकाला हे चालणार नाही, हे सांगायला नको.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने कशापासून करावी? माझ्या मते सॉर्ट, युनिक -सी, डब्ल्यूसी आणि फाइंड या चार पुरेत. विंडोजवर असाल तर गेट-चाइल्डआयटम, ग्रुप-ऑब्जेक्ट आणि मेझर-ऑब्जेक्ट. ऑक नंतर गरजेनुसार. नवी फाइल हाती आली की आधी पहिल्या आणि शेवटच्या दहा ओळी डोळ्यांखालून घालाव्यात, मग मोजावे. आणि शून्य, एक व दोन नोंदींच्या बनावट फायलींवर आपली कमांड एकदा चालवून पाहावी, कारण वर सांगितलेल्या बहुतेक चुका तिथेच उघड्या पडतात. मराठी मजकूर असेल तर प्रमाणीकरण आधी, मोजणी नंतर.

आणि एक विनंती. वरिष्ठांना, संपादकांना किंवा ग्राहकाला आकडा पाठवताना त्याखाली तो ज्या कमांडने काढला ती ओळही चिकटवा. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर कोण काय मोजत होते, हे तेवढ्या एका ओळीवरून कळते.